मधला काळ

बेंगळुरूहून उत्तरेकडे जाणाऱ्या महामार्गावर चाळीस किलोमीटरच्या आत देवनहळ्ळी लागते. तेथील किल्ल्याची दगडी तटबंदी अद्याप बरीचशी उभी आहे. तटापासून थोड्या अंतरावर टिपू सुलतानाचे जन्मस्थान म्हणून खांबांनी वेढलेली एक लहानशी जागा दाखवितात. तेथे तसा लेख कोरलेली शिळा आहे. १७९१ साली, तिसऱ्या म्हैसूर युद्धात, हा किल्ला कॉर्नवॉलिसच्या फौजेच्या हाती गेला. पेशवे आणि निजाम त्या युद्धात इंग्रजांच्या पक्षाला होते. लढविणाऱ्यांची नावे इतिहासाने नोंदवून ठेवली. तोफा, दारूगोळा आणि दाणापाणी ज्यांच्या बैलांच्या बळावर म्हैसूरच्या पठारावर चढले, त्या बैल हाकणाऱ्यांची नावे नोंदविण्याचे कारण कोणाला पडले नाही. त्यांतील एकाचे नाव मात्र निराळ्याच वाटेने उरले. तो कावसजी.

नाव पारशी वाटले तरी कागदपत्रांत त्याचा उल्लेख शेतकरी जातीचा मराठा असा आहे. इंग्रजांच्या फौजेत तो बैल हाकीत असे. १७९२ च्या सुमारास तो टिपूच्या कैदेत सापडला आणि तेथे त्याचे नाक व एक हात कापण्यात आला. ही हकीकत इंग्रजांच्या लेखणीतून आलेली आहे आणि टिपूचे चित्र काळे रंगविण्यात त्यांचा स्वार्थ होता, हे ध्यानात ठेवूनच ती वाचली पाहिजे. तथापि पुढची गोष्ट डोळ्यांनी पाहिलेली आहे. पुण्याजवळच्या एका कुंभार जातीच्या कारागिराने कपाळाच्या कातडीपासून कावसजीला नवे नाक करून दिले. मुंबई इलाख्यातील दोन इंग्रज डॉक्टरांनी ती शस्त्रक्रिया पाहिली, आणि ऑक्टोबर १७९४ मध्ये लंडनच्या ‘जंटलमन्स मॅगझिन’मध्ये तिचे वर्णन चित्रासह छापून आले. ते वाचून युरोपातील शल्यविद्येला नवी दिशा मिळाली. लंडनमध्ये जोसेफ कार्प्यू याने १८१४ साली त्याच पद्धतीने शस्त्रक्रिया केली. कुंभाराचे नाव कोणी लिहून ठेवले नाही, पण त्याचे हात त्या वर्णनातून स्पष्ट दिसतात: मेणाचा साचा कसा घेतला, कपाळावर तो कसा उलगडून ठेवला, कातडी कोठून सोडविली आणि कोठे जोडली.

या प्रसिद्ध वृत्तांतात दोन वाक्ये अशी आहेत की त्यांच्यावर कोणाची नजर सहसा ठरत नाही. पहिल्यात एवढेच म्हटले आहे की कावसजी बारा महिन्यांहून अधिक काळ नाकावाचून राहिला. दुसऱ्यात शस्त्रक्रियेनंतरची व्यवस्था आहे: काताच्या लेपाच्या पट्ट्या ठेवतात, चार दिवसांनी त्या काढून तुपात भिजविलेले कापड लावतात, पाच-सहा दिवस रुग्णाला उताणे निजवून ठेवतात. पण निजवून ठेवतात म्हणजे कोण? एक हात नसलेल्या, तोंडाने श्वास घेणाऱ्या माणसाला पाच-सहा दिवस कूस बदलू न देता उताणे ठेवायचे, तर रात्री कोणी तरी जागे असले पाहिजे. कोणी तरी त्याला भरविले असले पाहिजे, त्याचा उरलेला हात पट्टीकडे जाऊ लागला की धरला असला पाहिजे. तुकडा कापणारा वृत्तांतात आहे, जोडणाराही आहे. या दोघांच्या मधला काळ ज्याने किंवा जिने सांभाळला, त्या व्यक्तीला व्याकरणाने क्रियापदाच्या मागे लपविले आहे.

आपल्या परंपरेतील सर्वांत जुनी तुटलेल्या पायाची कथाही याला अपवाद नाही. ऋग्वेदाच्या पहिल्या मंडलातील अश्विनांच्या सूक्तात विश्पलेचा उल्लेख येतो. लढाईत तिचा पाय तुटला आणि अश्विनांनी तिला धातूचा पाय दिला. विश्पला ही स्त्री नसून शर्यतीची घोडी असावी, असेही काही अभ्यासकांनी सुचविले आहे. तो वाद येथे बाजूला ठेवता येईल. लक्षणीय गोष्ट ही की पाय लगेच मिळाला. देवांच्या वैद्यकात जखम भरून येण्यास वेळ लागत नाही. सूज नाही, टाके नाहीत, रात्री नाहीत. म्हणून शुश्रूषा करणारेही कोणी नाही. मधला काळ हा मनुष्याच्याच वाट्याचा आहे आणि तो ज्याने सांभाळावयाचा, त्याच्या कर्तव्याचे स्वरूप काय, हा प्रश्नही मनुष्याचाच आहे.

चरकसंहितेने हा प्रश्न निदान मांडला. सूत्रस्थानात चिकित्सेचे चार पाद सांगितले आहेत: वैद्य, द्रव्य, परिचारक आणि रोगी. प्रत्येकाचे चार गुण. वैद्याला अर्थातच अग्रस्थान आहे, परंतु परिचारक हा वैद्याच्या हाताचा विस्तार न राहता स्वतंत्र पाद होतो, ही गोष्ट लहान नव्हे. त्याचे गुण असे: उपचारांचे ज्ञान, दक्षता, शुचिता आणि अनुराग. पहिले तीन गुण शिकविता येतात, त्यांची परीक्षा घेता येते, ते अंगी नसल्यास माणसाला कामावरून दूर करता येते. चौथ्याचे काय करावे? वेतन घेऊन काम करणाऱ्याकडून अनुरागाची अपेक्षा करणे न्याय्य आहे काय? चरकाने येथे जो शब्द योजला आहे त्यात रोगी हा परिचारकाचा धनी, पोसणारा, असाही अर्थ आहे. म्हणजे हा अनुराग स्वामिनिष्ठेच्या जवळ जातो आणि त्यात चाकरीचा वास येतो. कांटने असे प्रतिपादिले की भावना म्हणून प्रेमाची आज्ञा करता येत नाही. आज्ञा करता येते ती प्रेमाच्या कृतीची. ही विभागणी सोयीची आहे. परंतु पाय कापलेल्या माणसाची पहिली मलमपट्टी ज्यांनी पाहिली आहे त्यांना ती अपुरी वाटेल. रुग्ण त्या वेळी जखमेकडे पाहत नाही. तो परिचारिकेच्या चेहऱ्याकडे पाहतो. आपण आता काय झालो आहोत हे त्याला तेथून प्रथम कळते. तिच्या हातांची कृती निर्दोष असेल आणि डोळ्यांत क्षणभर शिसारी तरळली असेल, तर कृतीचा निर्दोषपणा त्याला पुरेसा होत नाही.

चरकाने रोग्याचेही चार गुण सांगितले आहेत आणि त्यांत एक आहे ज्ञापकत्व: आपल्याला काय होते आहे हे सांगता येणे. हा गुण रोग्याचा म्हणून सांगितला असला तरी तो एकट्याच्या अंगी असू शकत नाही. सांगणे पुरे होते ते ऐकणाऱ्यापाशी. परिचर्येसाठी आपल्याकडे रूढ असलेला ‘शुश्रूषा’ हा शब्द हेच सुचवितो. त्याचा धात्वर्थ ऐकण्याची इच्छा असा आहे. गुरूचे ऐकण्याची इच्छा बाळगणारा शिष्य गुरूची सेवा करतो, म्हणून शुश्रूषा म्हणजे सेवा, आणि सेवा ती रोग्याचीही, असा हा अर्थविस्तार झाला. विस्तारात मूळ अर्थ झिजून गेला. आज मराठीत शुश्रूषा म्हटल्यावर पट्टी, थर्मामीटर आणि औषधाची बाटली डोळ्यांपुढे येते. कान येत नाही.

पायाच्या बाबतीत हा झिजलेला अर्थ पुन्हा उजळून घ्यावा लागतो, कारण तेथे मधला काळ लांब असतो आणि त्यात ऐकण्याजोगे पुष्कळ असते. आजकाल पाय कापावा लागतो तो बहुधा मधुमेहाने चिघळलेल्या जखमेमुळे, रक्तवाहिन्या बंद पडल्यामुळे किंवा अपघातामुळे. गुडघ्याखाली पाय कापला तर टाके निघण्यास दोन-तीन आठवडे जातात. नंतर उरलेल्या भागाची सूज उतरून त्याला कृत्रिम पायाच्या साच्यात बसेल असा आकार यावा लागतो. त्यात कित्येक आठवडे, कधी महिनेही जातात. हा उरलेला भाग रुग्णालयात सर्रास ‘स्टंप’ म्हणून ओळखला जातो. मराठीत ‘खुंट’ म्हणता येईल, पण तो शब्द रुग्णासमोर उच्चारण्यास कोणी धजत नाही. झाडाला परवडणारा शब्द माणसाला बोचतो. १९४४ पासून पुण्यात कृत्रिम अवयव केंद्र आहे. १९६८ मध्ये रामचंद्र शर्मा हे कारागीर आणि डॉ. प्रमोद करण सेठी यांच्या सहकार्यातून ‘जयपूर फूट’ तयार झाला. त्यावर अनवाणी चालता येते, शेतातल्या चिखलात उतरता येते. या घडणीचे कौतुक पुष्कळ झाले आणि ते योग्यच झाले. परंतु कृत्रिम पाय बसेल की नाही हे बऱ्याच अंशी आधीच, वॉर्डातल्या खाटेवर, ठरून गेलेले असते.

त्या खाटेवर एक वृद्ध शिंपी डोळ्यांपुढे आणावा. विजापूरकरांनी १६३८ मध्ये बंगळूर घेतल्यावर तो मुलूख शहाजीराजांच्या जहागिरीत आला, आणि तेव्हापासून व त्यानंतरही त्या भागात मराठी बोलणारी कुटुंबे वसत गेली. त्यांतील भावसार मंडळींत शिवणकाम आणि रंगकाम पिढ्यान्‌पिढ्या चालत आले. देवनहळ्ळीच्या बाजारात असे एक दुकान असेल. हा शिंपी बाहेर कानडी बोलतो, हिशेब कानडीत करतो, घरात मात्र कानडी वळणाची मराठी बोलतो. त्याने ती कधी लिहिली नाही, छापलेली क्वचितच वाचली. मधुमेहाने त्याचा उजवा पाय गुडघ्याखाली काढावा लागला आहे. शहरातल्या रुग्णालयात रात्रपाळीला असलेली परिचारिका केरळची आहे. बेंगळुरूच्या रुग्णालयांत हे चित्र नित्याचे आहे. तिला कामापुरती कानडी येते. ती त्याला ‘अज्जा’ म्हणते, तो तिला ‘सिस्टर’.

दिवसा त्याचे निभावते. रात्री तीनच्या सुमारास वेदना उठतात आणि माणूस वेदनेत असताना शिकलेल्या भाषा सोडून देतो. तो मराठीत बोलू लागतो. गमतीची गोष्ट अशी की ‘वेदना’ हा शब्द तिला कळतो, कारण मलयाळममध्ये दुखण्याला तोच शब्द रोज वापरतात. दोन भाषांच्या मधे हा एक संस्कृत दगड पायरीसारखा पडलेला आहे. परंतु त्यावरून फार पुढे जाता येत नाही. वेदना आहे हे तिला न सांगताही कळले होते. कोणती आहे हे कळावयास हवे. तक्त्यावर शून्य ते दहा असे आकडे आहेत आणि तो आठ म्हणतो. आठ काय? मराठी माणसापाशी या बाबतीत शब्दांची श्रीमंती आहे: ठणका, कळ, चमक, चरचर, टोचणी, पेटका, मुंग्या, आग. ही अलंकारिक विपुलता नव्हे. ठणका नाडीबरोबर उसळतो. कापलेल्या जागी ठणका असेल तर पट्टी आवळली गेली असेल, आत रक्त साकळले असेल, पू होत असेल, आणि मग पट्टी सोडून पाहणे हे त्याच रात्रीचे काम ठरते. मुंग्या, पेटका, आग किंवा वीज चमकून गेल्यासारखी कळ, आणि तीही बोटांत, म्हणजे नसलेल्या बोटांत, असेल तर कारण निराळे आणि औषधही निराळे. आठ हा आकडा दोन्हीकडे सारखाच. आकड्याने वेदनेची मात्रा कळली तरी जात कळत नाही, आणि जात कळेपर्यंत विचारीत राहणे, हाताच्या खुणांनी, त्याच्या बायकोला उठवून, मोडक्या कानडीत, हा शुश्रूषेतील ऐकण्याचा भाग आहे.

नसलेल्या पायाच्या वेदना ही वैद्यकाला जुनीच माहीत असलेली गोष्ट आहे. सोळाव्या शतकात फ्रेंच शल्यविद आंब्रवाझ पारे याने तिची नोंद केली होती. अमेरिकेतील यादवी युद्धानंतर सायलस वेअर मिशेल या डॉक्टरने तिला नाव दिले. त्याची एक हकीकत येथे सांगण्याजोगी आहे. १८६६ मध्ये त्याने हातपाय गमावलेल्या एका सैनिकाची आत्मकथनपर कल्पित गोष्ट निनावी छापली. वाचकांना ती खरी वाटली. त्या सैनिकासाठी काहींनी पैसे पाठविले. फिलाडेल्फियाच्या रुग्णालयात खरेखुरे शेकडो सैनिक पडून होते. आपल्याला वेड लागले असे लोक समजतील या भीतीने असे रुग्ण नसलेल्या हातापायांविषयी बोलण्यास कचरतात, हे तेव्हा खरे होते आणि आजही आहे. कल्पित माणसावर विश्वास बसतो, कारण त्याच्यासाठी रात्री उठावे लागत नाही.

मराठीत या प्रकाराला ‘आभासी अवयववेदना’ म्हणण्याची पद्धत पडू पाहते आहे. तो शब्दप्रयोग फसवा आहे. आभास असलाच तर तो अवयवाचा आहे. वेदनेचा आभास म्हणजे काय, हे सांगणे कठीण आहे. वेदान्ताने दोरी आणि साप यांचा दृष्टान्त घराघरात पोचविला आहे. साप खोटा, परंतु भीती खरी, अंगावरचा काटा खरा. दृष्टान्ताचा पुढचा भाग असा की दिवा आणला, दोरी दिसली, की भीती जाते. ज्ञानाने भ्रमाचा बाध होतो. येथे मात्र दृष्टान्त लंगडा पडतो. शिंप्याला पक्के ठाऊक आहे की पाय नाही. तो पांघरूण वर करून पाहतो, तेथे सपाट चादर आहे. दिवा लागलेलाच आहे आणि तरी करंगळीत मुंग्या आहेत. ज्ञान झाल्यावरही जे जात नाही त्याला भ्रम म्हणण्याचा अधिकार कोणाला उरत नाही. मज्जासंस्थेत पायाचा नकाशा शिल्लक राहतो आणि कापलेल्या मज्जातंतूंची टोके अवेळी चेतविली जातात, असे त्याचे शास्त्रीय स्पष्टीकरण अलीकडे देतात. १९९० च्या दशकात व्ही. एस. रामचंद्रन यांनी आरशाचा उपाय सुचविला: शाबूत अवयवाचे प्रतिबिंब गेलेल्या अवयवाच्या जागी दिसेल असा आरसा ठेवावयाचा. मेंदूला दृश्य पुरावा देऊन शांत करण्याची ही युक्ती आहे; ती सर्वांनाच लागू पडत नाही. परंतु परिचारिकेला स्पष्टीकरणाच्या आधी एक निर्णय घ्यावा लागतो. ज्या वेदनेचे स्थान तिला दिसू शकत नाही, ज्याला हात लावून पाहता येत नाही, त्यावर केवळ तो सांगतो म्हणून विश्वास ठेवावयाचा की नाही? येथे विश्वास ही कृती आहे. त्याविना ज्ञापकत्व मुके राहते. शिंपी सांगतो की गेलेला पाय रात्री शिलाई यंत्राची पायटी मारीत असतो, थांबत नाही. ते ऐकून जी हसली नाही तिलाच पुढचे काही कळेल.

कधी तो निराळाच प्रश्न विचारतो: माझा पाय कोठे आहे? डॉक्टरांना हा प्रश्न क्वचित विचारला जातो, कारण ते पायाच्या मापाने बोलतात आणि निघून जातात. तो विचारला जातो पट्टी बदलणारीला. नियमांत त्याचे उत्तर आहे. जैववैद्यकीय कचऱ्याविषयीचे १९९८ चे नियम आणि त्यांची जागा घेणारे २०१६ चे नियम शरीरापासून वेगळे झालेले अवयव पिवळ्या पिशवीत घालावयास सांगतात, आणि पुढे त्यांचे दहन किंवा खोल पुरणे व्हावयाचे असते. आरोग्याच्या दृष्टीने हे योग्य आहे. परंतु साठ-सत्तर वर्षे ज्याने यंत्र चालविले, पंढरीची वारी केली असेल, लेकीच्या लग्नात मांडवात जो धावला, तो पाय ‘कचरा’ या सदरात गेला, हे वाक्य खरे असूनही उच्चारण्याजोगे नाही. काही कुटुंबे पाय मागून घेतात आणि रीतसर मूठमाती देतात. जगणाऱ्या माणसाच्या अवयवाला अग्नी द्यावा की माती, याचा निर्णय घरातल्या वडीलधाऱ्यांनाही चटकन करता येत नाही. परिचारिकेने खोटे बोलू नये हे उघड आहे. पण खऱ्याचा कोणता भाग, कोणत्या रात्री आणि कोणाच्या देखत बोलावा हे कोणताही नियम सांगत नाही.

सर्वांत कठीण प्रसंग मात्र उशीचा. बाहेरच्या माणसाला हे हास्यास्पद वाटेल. गुडघ्याखाली पाय कापलेल्या माणसाला गुडघा किंचित वाकवून ठेवला की बरे वाटते. खाली उशी घेतली की ताण उतरतो आणि झोप लागते. हीच उशी त्याचा घात करते. वाकविलेला गुडघा काही दिवसांत आखडू लागतो, मांडीमागचे स्नायू तोकडे पडतात, खुबाही तसाच वाकतो, आणि जखम सुरेख भरून आली तरी कृत्रिम पाय लावून सरळ उभे राहता येत नाही. म्हणून आरंभीच्या दिवसात सूज उतरावी यासाठी पाय उंच ठेवावयाचा तर खाटेचा पायथा उचलतात. पुढे गुडघा सरळ, आणि रोज काही वेळ पालथे निजावयाचे. पालथे निजणे वृद्धाला नकोसे असते. उशी मात्र हवीशी असते, आणि ती देणारे हात प्रेमाचे असतात. बायको दिवसभर पाहते की नवरा कळवळतो आहे. ती आपल्या लुगड्याची घडी करून गुडघ्याखाली सारते. परिचारिका येऊन ती काढते. बायको तिच्याकडे जे पाहते त्यात निष्ठुर हा शब्द असतो. पाळी बदलते, घडी परत जाते. रुग्णालयात असा मूक झगडा आठवडेच्या आठवडे चालतो आणि त्यात दोन्ही बाजूंना चांगली माणसे असतात.

आतापर्यंत असे म्हटले की शुश्रूषा म्हणजे ऐकण्याची इच्छा. आता रुग्ण स्पष्ट शब्दांत उशी मागतो आहे आणि ती नाकारावयाची आहे. नसलेल्या पायाबद्दल तो सांगतो त्यावर पुराव्याविना विश्वास ठेवावयाचा, आणि असलेल्या गुडघ्याबद्दल तो मागतो ते द्यावयाचे नाही, ही विसंगती वरवरची नाही. दयाळूपणाने ती सुटत नाही, कारण दया ज्या दुःखाकडे पाहते ते आत्ताचे असते, आणि उशीचा प्रश्न आत्ताचे दुःख व चार महिन्यांनंतरचे उभे राहणे यांतील आहे. अधिकारानेही सुटत नाही. ‘तुमच्या भल्यासाठी’ असे म्हणून उशी ओढून घेणाऱ्या हाताला भले म्हणजे काय हे आधीच ठाऊक असते. माणसाला लहान मूल करण्याचा तो जुना मार्ग आहे, आणि पाय गेलेला माणूस आधीच अर्धा परावलंबी असल्याने त्याला तो फार लागतो. शिंप्याच्या बाबतीत वाट निघाली असेल तर ती पायटीच्या गोष्टीतून. जिने ती ऐकली होती तिला सांगता आले की अज्जा, गुडघा आखडला तर पायटीवर नवा पाय ठेवता येणार नाही. तिने नकार दिला तो त्याच्याच इच्छेच्या बळावर. काल रात्रीचे त्याचे बोलणे आज रात्रीच्या त्याच्या मागणीसमोर ठेवले. अर्थात यातही लबाडी शिरू शकते. माणसाचे एक वाक्य दुसऱ्याविरुद्ध वापरून त्याला हवे तिकडे नेणे अवघड नसते. येथे लबाडी नाही याची खूण एवढीच की त्याला पुन्हा नाही म्हणण्याची जागा उरली होती.

शेजारच्या खाटेवर दुसरा वृद्ध आहे. वय ऐंशीच्या घरात, हृदय थकलेले, दृष्टी मंद. देवनहळ्ळीकडेच त्याची चकोत्याची झाडे आहेत. ती आता मुले पाहतात. त्याला नवा पाय नको आहे. खुर्चीत बसून अंगणात उन्हे घ्यावयाची, एवढेच त्याला हवे, आणि त्यासाठी सरळ गुडघ्याची गरज नाही. त्याला पालथे निजणे म्हणजे छळ वाटतो आणि तो उशी मागतो. नियम त्यालाही तोच आहे. नियम पाळला नाही तर वाकलेला गुडघा पुढे दुखेल, वाकलेल्या पायाचे टोक खाटेवर घासून तेथे जखम होईल, उचलून बसविणाऱ्यांना जड जाईल; हे सारे त्याला सांगितले पाहिजे आणि सांगून झालेले आहे. त्याने ऐकले, समजून घेतले, आणि परत उशी मागितली. हा निराशेचा आवाज आहे की निश्चयाचा? शस्त्रक्रियेनंतरच्या पहिल्या आठवड्यांत पुष्कळ माणसे म्हणतात की आता चालणे नको, आणि तीच पुढे पडत-धडपडत चालू लागतात. काही मात्र जे म्हणतात तेच त्यांच्या मनात असते. हे दोन आवाज वेगळे ओळखण्याचे साधन तिच्या हाती नाही. वेळ होता, आणि तोही तीस खाटांत वाटला गेलेला. तिने घडी केलेला टॉवेल गुडघ्याच्या खाली न ठेवता घोट्याकडे, म्हणजे पाय जेथे संपतो त्या टोकाखाली, ठेवून पाहिला. त्याला ते पटले नाही. त्याच्या डाव्या, शाबूत पायाचा तळवा तिने थोडा वेळ चोळला. नसलेल्या पायाच्या तळव्याला खाज सुटली की काहींना त्याने बरे वाटते. तो काही बोलला नाही. मग तो झोपला, की डोळे मिटून पडला, हे तिला कळले नाही.

सकाळी पाळी संपण्यापूर्वी नोंद करावयाची असते. नोंदवहीत ताप, नाडी, रक्तदाब, पट्टीची स्थिती, मूत्राचे माप यांचे रकाने आहेत. दोघांच्याही पुढे तिने ‘उशी काढण्यात आली’ असे लिहिले. दुसऱ्याच्या बाबतीत ते अर्धवट खरे होते, म्हणून तिने खाली शेऱ्याच्या जागी, जेथे सहसा कोणी काही लिहीत नाही, त्याने किती वेळा मागितली आणि काय कारण सांगितले, ते लिहिले आणि दिवसपाळीच्या परिचारिकेला ते वाचण्यास सांगितले.